वाट बघायची ती कशाची?

गेल्या अंकात उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेक पत्रांत एक शब्द कुठेतरी दबकत, प्रश्नचिन्ह लावून लिहिलेला होता: ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात: मेंदूची वाढच वेगळ्या तऱ्हेने होते, त्यामुळे माणसांशी देवाणघेवाण जड जाते आणि ठरलेलं, तेच ते लागतं. म्हणून या वेळचं सदर त्यालाच. मी मुलांच्या वाढ-विकासाची डॉक्टर आहे, सांगलीत बसते. पत्रावरून निदान करत नाही आणि कुणी करू नये. पण पुढचं पाऊल कुठे टाकायचं, हे पत्रातूनही सांगता येतं. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. चालणं, दात सगळं वेळेवर झालं. सव्वा वर्षाचा असताना ‘आई’, ‘बाबा’, ‘गाडी’, ‘भूभू’ म्हणायचा. दिवाळीनंतर ते हळूहळू बंद झालं. हाक मारली तर वळत नाही, पण बिस्किटाचा पुडा फोडला की आतल्या खोलीतून धावत येतो. गाड्या उलट्या करून चाकं फिरवत बसतो. काही हवं असलं की माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. सासूबाई म्हणतात, ‘याचे बाबाही साडेतीन वर्षांनी बोलले, मुलगे उशिराच बोलतात.’ इथल्या डॉक्टरांनीही तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. मी मोबाइलवर गाणी लावून त्याला भरवायचे, त्यामुळे घरात सगळं माझ्यावर आलंय. काय करू?
— एक आई, बार्शी

ताई, थांबू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी.

गाड्यांच्या चाकांनी मला फारसं अस्वस्थ केलं नाही, चाकं पुष्कळ मुलं फिरवतात. मी अडकले ते ‘आलेले शब्द गेले’ या गोष्टीवर. उशिरा बोलणारं मूल हळू का होईना, पुढेच जात असतं. एकदा आलेलं बोलणं, टाटा करणं, बघून हसणं मागे जायला लागलं, तर वय कितीही असो, तपासणी लगेच करायची. सासूबाईंना शांतपणे एवढंच विचारा: यांचे शब्द उशिरा आले, की आलेले परत गेले होते? त्यांची आठवण खोटी नाही, पण ती बहुधा वेगळ्या गोष्टीची आहे.

दुसरी गोष्ट मनगटाची. मूल बोलत नाही तेव्हा सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत बसतं. आम्ही त्याच्या बोटाकडे बघतो. काऊचा घास भरवताना तुम्ही म्हणता, ‘तो बघ काऊ!’ मूल खिडकीबाहेर बघतं, मग वळून तुमच्याकडे बघतं, पुन्हा काऊकडे. पुढे ते स्वतःच बोट करून काऊ दाखवायला लागतं. त्याला तो काऊ हातात नको असतो, खायला तर नकोच नको. तुम्ही तो बघावा, एवढंच त्याला हवं असतं. बोट करून मागणं निराळं आणि बोट करून दाखवणं निराळं. दीड वर्ष झालं तरी दाखवण्याचं बोट आलं नसेल, तर शब्द असोत-नसोत, मुलाला तपासायला हवं. तुमचा मुलगा मनगट धरून नेतो ते मागण्यासाठी. आज संध्याकाळी त्याने फ्रिजपाशी नेलं की दार उघडू नका, दोन क्षण थांबा. तो मान वर करून तुमच्या चेहऱ्याकडे बघतो का? का हातच ओढत राहतो? जे दिसेल ते लिहून ठेवा.

तसंच नावाचं. साधारण नऊ महिन्यांचं मूल हाकेला वळतं. वर्षाच्या आसपास टाटा, नमस्कार, ‘नको’ म्हणून मान हलवणं असे हातामानेचे इशारे दिसायला लागतात. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘मम्मं दे’, ‘बाबा गेले’ अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही, तर वाट बघायची नाही. ‘स्वतःची’ हे मुद्दाम म्हणते. जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं यात धरू नका.

पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणजे कान ठीक आहेत, असं मात्र समजू नका. काही मुलांना ठराविक पट्टीतलेच आवाज ऐकू येतात, त्यामुळे पुडा ऐकू येईल आणि बोलणं धड ऐकू येणार नाही. म्हणून पहिली तपासणी कानाची. तिला बेरा म्हणतात. मूल झोपलेलं असताना डोक्याला छोट्या तारा चिकटवून करतात, दुखत नाही. बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या कान-नाक-घसा विभागात होते. मुंबईला जाणं होणार असेल, तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे.

मग एक प्रश्नावली. एमचॅट-आर असं तिचं नाव, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, हो-नाहीचे २० प्रश्न. ‘मूल बहिरं असेल का, अशी शंका तुम्हाला कधी आली का?’ हा त्यातला दुसराच प्रश्न आहे, यावरून बघा किती आया याच वाटेने जातात. गुण २ किंवा कमी आले तर सध्या धोका कमी. ३ ते ७ आले तर डॉक्टर पुन्हा खोलात विचारतात. ८ किंवा जास्त आले तर थेट सविस्तर तपासणी. मात्र ही फक्त चाळणी आहे. चाळणीत अडकलेलं प्रत्येक मूल ऑटिझमचं नसतं, आणि गुण कमी आले तरी शब्द गेलेल्या मुलाची तपासणी टाळायची नाही.

सविस्तर तपासणी विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, बऱ्याचदा स्पीच (बोलण्यावर काम करणाऱ्या) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या हालचाली-कामांवर काम करणाऱ्या) थेरपिस्टच्या साथीने. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून ऑटिझम दिसत नाही. डॉक्टरने दुसऱ्या एखाद्या शंकेसाठी तपासण्या सांगितल्या तर त्या करा, पण ‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे ऑटिझम नाही’ हे वाक्य कुणाचंही मनावर घेऊ नका. आम्ही विचारतो आणि बघतो, बस्स. माझ्या टेबलावर साबणाच्या फुग्यांची बाटली असते. चार फुगे उडवते आणि झाकण घट्ट लावून बाटली मुलाच्या हातात देते. आता झाकण उघडत नाही. मूल माझ्याकडे बघतं? आईकडे नेतं? बाटली पुढे करून काहीतरी आवाज काढतं? का आपटून टाकून देतं आणि पंख्याकडे बघत बसतं? एका बाटलीवर निदान होत नाही, पण कुठे खोलात जायचं ते कळतं. अनुभवी माणसाच्या हातून दोन वर्षांच्या आसपास खात्रीचं निदान होऊ शकतं. तिसऱ्या वाढदिवसाची गरज नाही.

जाताना मोबाइलमध्ये दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घेऊन जा. जेवताना, दुसऱ्या मुलांजवळ असताना, मागून हाक मारल्यावर आणि एकटा खेळताना. मुलं दवाखान्यात वेगळीच वागतात. शब्द येत होते तेव्हाचे जुने व्हिडिओ असतील तर तेही. जन्माचे कागद, लसीकरणाचं कार्ड घ्या. सासूबाईंनाही घेऊन जा. आज्यांनी पाहिलेलं पुष्कळदा आईपेक्षा जास्त असतं, आणि डॉक्टरांचं त्यांनी थेट ऐकलं तर रोजचा वाद तरी मिटेल.

कुठे जायचं? सरकारी वाट लोकांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत येतं आणि संशय आलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तपासणी, थेरपी मोफत. तुमच्या जिल्ह्यात ते कुठे बसतं, हे अंगणवाडीताईंना विचारा. खाजगीत जायचं तर पुण्यातल्या विकासतज्ज्ञाची तारीख आजच मागा. ती लांबची मिळेल, तोवर बेरा करून घ्या.

आता मोबाइल. मोबाइलने ऑटिझम होत नाही. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द व्हॉट्सअॅपवर फिरतो, पण निदानाच्या अधिकृत यादीत असा कुठला आजार नाही. मोबाइल बंद मात्र करा, कारण त्यासमोर गेलेल्या तासांत मूल माणसांशी काही देवाणघेवाण करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असंच सांगितलं आहे. आईवर खापर फोडायची रीत मात्र आपल्याच घरातली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत मोठमोठे डॉक्टर ‘आई थंड स्वभावाची म्हणून मूल असं’ असं छातीठोकपणे सांगत होते. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाचा स्वतःचा मुलगा ऑटिझमचा. त्याने १९६४ मध्ये पुराव्यानिशी ते खोडून काढलं. त्याला साठ वर्षं होऊन गेली, बार्शीलाही आता ते कळायला हरकत नाही.

तारीख येईपर्यंत हात बांधून बसू नका. जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. तो चाक फिरवतो तर तुम्हीही दुसरी गाडी घेऊन चाक फिरवा, त्याने थांबवलं की तुम्ही थांबा. गुदगुल्या करता करता मध्येच थांबा आणि वाट बघा, तो ‘अजून’ कसं सांगतो ते बघा. नजर, आवाज, हात काहीही चालेल, मिळालं की लगेच गुदगुली. ‘हे काय? ते काय? बोल ना!’ अशी परीक्षा घेऊ नका. निदान काहीही निघो, यातलं काही वाया जात नाही.

मा. डॉक्टर, मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. नातू अडीच वर्षांचा. तिथल्या डॉक्टरने ऑटिझम सांगितला आणि आता घरी बायका येऊन त्याच्याशी खेळतात म्हणे. माझं म्हणणं, घरात मराठी, पाळणाघरात इंग्रजी, पोर गोंधळलंय. शिक्का मारायची एवढी घाई कशाला? सून तर आता घरातही इंग्रजीच बोलायचं म्हणतेय. व्हिडिओ कॉलवर मी काय बोलू?
— एक आजोबा, सातारा

आजोबा, दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि असलेला वाढतही नाही. दोन भाषांच्या घरातलं मूल तिसऱ्या-चौथ्या शब्दाला भाषांची सरमिसळ करतं, पण माणसाकडे बघणं, बोट दाखवणं सोडत नाही. बोट इंग्रजीही नसतं आणि मराठीही नसतं. तेव्हा निदानावरचा तुमचा आक्षेप मला पटत नाही. पण सूनबाईंना माझा निरोप द्या: मराठी बंद करू नका. आईला जी भाषा आतून येते, जिच्यात ती लाडाने रागावू शकते, त्या भाषेत ती मुलाशी जास्त बोलते. मोजूनमापून बोललेलं इंग्रजी मुलाच्या फार उपयोगाचं नाही.

घाईविषयी. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसच अशी आहे की १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी करायची, शंका असो वा नसो. तुमच्या नातवाला कुणी मुद्दाम वेगळं काढलेलं नाही. त्या ‘खेळणाऱ्या बायका’ थेरपिस्ट आहेत. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना ही मदत देण्याची सोय तिथल्या कायद्यात आहे, आणि तिसऱ्या वाढदिवसानंतर जबाबदारी तिथल्या शाळा-व्यवस्थेकडे जाते. म्हणजे त्यांच्या हातात पहिल्या टप्प्याचे सहाच महिने उरलेत. त्यात ‘घाई कशाला’ म्हणून त्यांना अडवू नका.

कॉलवर ‘आजोबा म्हण, आजोबा म्हण’ करू नका. तो फिरून गेला तर रुसू नका. त्याला काय आवडतं ते सुनेला विचारा. आगगाडी आवडत असेल, तर एकदा सातारा स्टेशनवर जाऊन गाडी येताना दाखवा. पाच मिनिटं पुरेत.

नमस्कार मॅडम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. वर्गात एक मुलगी आहे. स्वच्छ बोलते, वाचन तर वर्गात सगळ्यात पुढे. पण मधल्या सुट्टीत कायम एकाच मुलीच्या मागे, तिच्यासारखंच बसणार, तिच्यासारखंच हसणार. ती मुलगी आली नाही तर ही दिवसभर बाकाखाली. घंटा वाजली की कान दाबून रडते. वर्गातली जागा बदलली तर उलटी होईपर्यंत रडली. आईशी बोलायला गेले तर म्हणाल्या, ‘घरी तर शहाणी आहे, तुम्हाला सांभाळता येत नाही.’ माझंच काही चुकतंय का?
— एक शिक्षिका, कणकवली तालुका

बाई, तुम्ही जे पाहिलंत ते पुष्कळ डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. ऑटिझमचं निदान मुलींपेक्षा मुलग्यांत साधारण चौपट होतं. त्यातला काही भाग खरा, आणि काही भाग असा की मुली सुटून जातात. छान बोलणारी, वाचणारी, त्रास न देणारी मुलगी ‘लाजाळू’ म्हणून पुढच्या वर्गात ढकलली जाते. दुसरीची हुबेहूब नक्कल करून दिवस काढणं हा अशा मुलींचा नेहमीचा मार्ग. त्यात त्या इतक्या दमतात की मग जागा बदलण्यासारख्या साध्या गोष्टीला बांध फुटतो. ‘घरी शहाणी’ हेही खोटं नसेल. घरी घंटा नसते, चाळीस मुलं नसतात, सगळं ठरलेलं असतं.

तरीही हे ऑटिझमच, असं मी म्हणत नाही. भीती-चिंतेचा आजार असू शकतो, घरात काही घडलेलं असू शकतं. म्हणून तुम्हीही तो शब्द आईसमोर उच्चारू नका. शब्द सांगितला की आई शब्दाशीच भांडते. पाहिलेलं सांगा, तारीखवार, वहीत लिहून: सोमवारी घंटा झाली तेव्हा अमुक, जागा बदलली त्या दिवशी तमुक. आणि सुरुवात तिच्या वाचनापासून करा. तेही खरंच आहे, सांत्वनाचं नाही. ‘तिला शाळेत त्रास होतोय आणि मला तो कमी करायचाय, घरी कशाने बरं वाटतं तिला?’ असा प्रश्न विचारलात तर आई तुमच्या बाजूला येऊन बसेल. एका भेटीत नाही येणार, दुसरी भेट ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, तेव्हा तिचं नाव पुढे करा. कणकवलीहून मुंबईपेक्षा गोवा जवळ. तिथे ‘सेतू’ ही मुलांच्या विकासावर काम करणारी संस्था आहे, तोही पर्याय पालकांना सांगून ठेवा. निदानाची वाट न बघता तुमच्या हातात असलेलं: घंटेआधी तिला हळूच सांगणं, दाराजवळची जागा कायम तिची ठेवणं, फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम लिहिणं. यातलं काहीच महाग नाही, आणि बाकीच्या पोरांनाही आवडतं.

डॉक्टर, मोठ्या मुलाला (वय ५) ऑटिझम आहे. एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, खर्च काही लाख. जमीन विकायचा विचार आहे. धाकटी दहा महिन्यांची आहे, तिला गोवराची लस द्यायची राहिली आहे. मोठ्याचं सगळं लसीनंतरच सुरू झालं असं बायकोचं मत. आणि मोठ्याचं दिव्यांग प्रमाणपत्र काढावं का? नंतर नोकरी-लग्नाला आडवं येईल ना?
— एक वडील, निफाड

दादा, जमीन विकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की ऑटिझमवर स्टेम सेल (मूळपेशी) उपचाराची शिफारस करता येत नाही. उपचार देणाऱ्याने यशाचे व्हिडिओ दाखवले असतील. पाच वर्षांची मुलं थेरपीने आणि वयाने बदलतातच, त्याचं श्रेय इंजेक्शनला जातं. शरीरातले धातू काढण्याची औषधं, ऑक्सिजनची पेटी हेही त्याच माळेतले मणी. पैसा स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि विशेष शिक्षकावर लावा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे स्पीच थेरपिस्टला, सायकॉलॉजिस्टला, विशेष शिक्षकाला बिनधास्त विचारा, त्यात अपमान नाही.

लस उद्याच द्या. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा इंग्लंडमधला लेख १९९८ मध्ये आला होता, बारा मुलांवरचा. तो ज्या मासिकात छापला होता त्यांनीच २०१० मध्ये मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१९ मध्ये निष्कर्ष आला: संबंध नाही. तुमच्या पत्नीला तसं का वाटलं, ते मात्र मला कळतं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आपल्याकडे १६ ते २४ महिन्यांत असतो, आणि शब्द जाणं, हाकेला न वळणं घरच्यांच्या लक्षात येतं तेही याच महिन्यांत. डोस चुकवला असता तरी तेच महिने आले असते. गोवर मात्र खरोखर जीव घेतो.

धाकटीकडे लक्ष ठेवा, ते दुसऱ्या कारणाने. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. म्हणजे पाचातल्या चौघांना नसतो. तिला दर तीन महिन्यांनी विकासतज्ज्ञाला दाखवा. हाकेला वळते का, बघून हसते का, बुवा-कुक खेळताना पुन्हा करा म्हणून बघते का, हे आत्तापासून बघता येतं.

प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्यासाठी आपल्याकडची ४० मुद्द्यांची मोजणी वापरतात, तिला आयसा म्हणतात. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) करायचा, बोलावणं जिल्हा रुग्णालयातून येतं. हातात कागद आला की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा घेता येतो, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. पुढे परीक्षेत जादा वेळ लागला तर हाच कागद उपयोगी पडेल. तो शाळेच्या दाखल्यावर छापला जात नाही. दाखवायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि मोठा झाला की त्याने. जाताना मुलाचा खाऊ आणि आवडतं खेळणं बरोबर घ्या, रांग मोठी असते.